आडवा हातोडा

१

सन १९९४, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. थंडी सरली होती, पण सकाळच्या पाण्यात अजून हात घालवत नव्हता.

माझी शाळा चौथीत सुटली. शिवाय हे डाव्या हाताने लिहितो आहे, त्यामुळे अक्षर वाईट आहे. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

मी लोहार. बापाचा भाता हातात घेतला आणि केस पांढरे होईपर्यंत चालवला. नंतर दुकानात तयार माल येऊ लागला. लोक म्हणाले स्वस्त आहे. मी भट्टी विझवली आणि कुणाकडे काही मागायला गेलो नाही.

घरात मी आणि थोरली. थोरली म्हणजे माझी मोठी मुलगी, चाळिशीची. तिचं लग्न झालं होतं. नवरा म्हणाला, हिचा हात जड आहे. ही म्हणाली, तुझं डोकं मऊ आहे. परत आली ती माझ्यासमोर घण घेऊन उभी राहिली, आणि भट्टी विझेपर्यंत तिथून हलली नाही.

आमच्या कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लोहाराच्या हातात लहान हातोडा असतो, समोरच्याच्या हातात घण. लोहार बोलत नाही. लाल लोखंडावर जिथे घाव हवा तिथे तो हलका ठोका देतो, आणि त्याच जागी मागोमाग घण पडतो. ठोका आला की घण आलाच पाहिजे. घणवाल्याने लोखंडाकडे बघायचं, लोहाराच्या तोंडाकडे नाही. आणि लोहार जोवर हातोडा ऐरणीवर आडवा टाकत नाही, तोवर थांबायचं नाही. पाठ मोडली तरी नाही. ठोक्याला एकदा उत्तर दिलं की ते लोखंड पुरं होईस्तोवरचे सगळे घाव त्या माणसाच्या अंगावर.

थोरलीला हे मीच शिकवलं.

२

त्या साली गावाबाहेरून नवा रस्ता जायचा होता. त्याआधी जमिनीखाली जुनं काही आहे का, ते बघायला माणसं आली. त्यांना खणणारे हवे होते. आम्ही दोघं लागलो.

त्यांची मुख्य एक बाई होती. थोरलीपेक्षा लहान. डोक्यावर कापडी टोपी आणि दिवसभर मातीत गुडघ्यावर. मला काका म्हणायची. रस्त्याचं मशीन शेजारीच उभं होतं आणि त्याचा ड्रायव्हर रिकामा बसून होता. कपड्यांना वास यायचा म्हणून सगळे त्याला डिझेल म्हणत.

"बाई, सोनं सापडलं का?" तो रोज विचारायचा.

"सापडलं ना. तुमच्या मशीनच्या बरोबर खाली आहे. घ्या बाजूला."

हातभर खोलीवर माती लाल निघाली, विटेसारखी भाजलेली. मी कुदळ थांबवली.

"भट्टी आहे," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटतंय," बाई म्हणाली.

दोन दिवसांत सगळं उघडं झालं. भट्टीचा दगडी कठडा. लोखंड विझवायची दगडी कुंडी. मधे एक गोल खड्डा, ऐरणीखालचा लाकडी ठोकळा बसवायचा. एका अंगाला दरवाजाचा उंबरा. ऐरण नव्हती. वर ताडपत्री बांधली होती, तिच्या सावलीत ही जागा एखाद्या खोलीसारखी दिसे. मी म्हणालो, लोहार दरवाजाच्या अंगाला उभा राहत असणार. बाई म्हणाली, बघू.

तिने सुतळी बांधून जमिनीचे चौकोन पाडले. लोहचुंबक पिशवीत गुंडाळून थोरलीच्या हातात दिलं. एकेका चौकोनाची माती चाळायची, चुंबक फिरवायचं, चिकटेल ते वेगळ्या पुडीत. लाल लोखंडावर घाव पडला की त्याची साल उडते, माशाच्या खवल्यासारखी. त्या खपल्या मातीत तशाच राहतात. जिथे माणूस उभा असतो तिथे त्या त्याच्या पायांवर आपटतात आणि ती जागा कोरी राहते. खपल्या सापडल्या ते चौकोन बाईने कागदावर काळे केले. मी दाखवलेली बाजू सगळी काळी. कोरी जागा भट्टीच्या अंगाला, दोन पावलांएवढी. मी चुकलो होतो. तसं म्हणालो.

"आणि घणवाला?" मी विचारलं.

"दिसत नाही. एकच माणूस उभा राहिलाय इथे."

"एवढा ऐरणीचा खड्डा. इथे एकट्याचं काम नाही."

"असेल, काका. पण समोर कुणी उभं राहिल्याची खूण नाही."

थोरली चाळणीतून मान वर न करता म्हणाली, "टिकलं नसेल कुणी त्याच्यासमोर. असतात काही लोहार तसे."

डिझेल खो खो हसला. मी हसलो नाही.

३

दुपारी सगळे पलीकडच्या झाडाखाली जेवायला जात. माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून आम्ही दोघं ताडपत्रीखालीच डबा उघडायचो.

मी जेवत होतो. थोरलीचं झालं होतं, ती कुंडीच्या कडेची माती पहारीने सुटी करत होती. माझ्याकडे पाठ.

ठोका ऐकू आला.

थंड ऐरणीवर हातोडा वाजतो तो आवाज वेगळा, घंटेसारखा लांबतो. लाल लोखंडावरचा वेगळा. तो आखूड असतो, जिभेने टाळूवर टक करावं तसा. हा आखूड होता.

थोरलीने वळूनही पाहिलं नाही. पहार उचलली आणि कुंडीच्या दगडावर घातली. मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही मारलात?"

"मी जेवतोय."

"मग कुणी?"

ताडपत्रीच्या दोरीला एक लोखंडी कडी होती, खांबाला टेकलेली. मी ती दाखवली. "वाऱ्याने वाजली."

वारा नव्हता. तिलाही ते दिसत होतं.

"इतकी वर्षं झाली," ती हसून म्हणाली, "पण मेला हात अजून ऐकतो."

मी उठून कडीला चिंधी गुंडाळली. परत बसलो, डबा संपवला, पाय लांब केले. म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागतो तसा लागला. किती वेळ ते सांगता येणार नाही. उठलो तेव्हा थोरली कुंडीपाशीच बसली होती, घामाने भिजलेली, आणि पहार तिच्या मांडीवर आडवी होती.

४

सकाळी बाईचा आवाज चढलेला ऐकला.

चाळून साफ केलेल्या चौकोनांत खपल्या पडल्या होत्या. जुन्या खपल्या तपकिरी, गंजलेल्या. या निळसर होत्या, चमकत होत्या, कडा धारदार. मी एक बोटावर घेतली. अशी खपली मी हजार वेळा झाडून टाकली आहे. इतकी निळी असली की ती फार तर आदल्या दिवसाची असते.

"ही कुणाची गंमत आहे?" बाईने डिझेलकडे पाहिलं.

"मी कशाला करू? मला सोनं पाहिजे, भुसा नको."

बाईने चौकोन आणखी बारीक पाडले आणि ते सगळं पुन्हा गोळा करायला लावलं. पुन्हा कागद केला. दुपारी तिने मला हाक मारली आणि कागद पुढे धरला.

भट्टीच्या अंगाची कोरी जागा होती तशीच होती. आता तिच्या समोर दुसरी होती. दोन पावलं. उजवं सरळ. डावं बाहेर वळलेलं.

थोरली लहान असताना तिच्या डाव्या पायावर तापलेली सळई पडली होती. तेव्हापासून ते पाऊल बाहेर वळतं.

मी कागद परत दिला.

"काका, काल दुपारी इथे कोण होतं?"

"आम्हीच. जेवत होतो."

"दुसरं कुणी नाही?"

"मी पाहिलं नाही."

यात खोटं काही नव्हतं. बाई चष्मा पुसत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "सकाळी मी भट्टीच्या मातीत हात घातला होता. कोमट होती. ऊन यायच्या आधी."

"जमिनीत ऊब राहते," मी म्हणालो.

"बाजूची माती गार होती, काका."

त्या दुपारी मी थोरलीला झाडाखाली नेऊन जेवायला बसवलं. तिने डबा उघडला नाही. ताडपत्रीकडे तोंड करून बसली. मी पाणी आणायला गेलो आणि आलो, तर ती जागेवर नव्हती. ताडपत्रीखाली ऐरणीच्या खड्ड्यासमोर उभी होती, पाय फाकवून, हात खाली. घामाच्या धारा लागल्या होत्या.

"काय करतेस इथे?"

"आत्ताच आले," ती म्हणाली. "तुम्हीच नाही का हाक मारलीत?"

५

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढे मी झोपतो, मागे चूल आणि मोरी. संध्याकाळी थोरलीने हातपाय धुतले आणि बाह्या वर केल्या तेव्हा दिसलं. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक बारीक चटके. जुने पांढरे डाग तिला होतेच, ते मला पाठ होते. हे लाल होते.

"हे कधी?"

"कुठलं काय? चुलीचं असेल."

"चूल अजून पेटली नाही."

तिच्या केसांना दगडी कोळशाचा वास येत होता. आमच्या घरात कित्येक वर्षांत कोळसा आला नव्हता.

ती चुलीकडे गेल्यावर मी मोरीतली बादली ओढली. फुटक्या रेडिओतलं एक चुंबक माझ्या पेटीत होतं. ते त्या मळक्या पाण्यातून फिरवलं आणि वर काढलं. त्याला दाढी फुटल्यासारख्या खपल्या चिकटल्या होत्या. निळ्या.

मी स्वतःला समजावलं. दिवसभर हेच चाळते, कपड्यांत शिरणारच. चटके उन्हाचे. वास मातीचा. एकेक गोष्ट धरली तर प्रत्येकीला काहीतरी कारण होतं. सगळ्या एकत्र धरायला मन धजेना.

आत थोरलीने भांड्यावर झाकण ठेवलं. त्याचा आवाज झाला, आखूड. ताबडतोब तिचे दोन्ही हात डोक्यावर गेले, घण उचलावा तसे, आणि तिथेच थांबले. ती तशीच उभी. भिंतीवर सावली.

"थोरले."

हात खाली आले. तिने वळून पाहिलं, आणि तिची आई गेली त्या दिवशी पाहिलं होतं तसं माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, तो चुका काढत नाही," ती म्हणाली. "तुम्ही काढायचात. तो नुसतं माप घेतो."

"कसलं माप?"

तिने उजव्या मनगटाभोवती डाव्या हाताची बोटं गुंडाळली. मग चुलीकडे तोंड केलं.

६

दुसऱ्या दिवशी मी एकटा कामावर गेलो. बाईनेच निरोप पाठवला होता, थोरलीला आणू नका म्हणून. कारण तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी बाहेरून कडी लावली. थोरली आतून म्हणाली, "माझी शेळी केलीत काय?" ते ऐकून बरं वाटलं. तिच्यासारखं बोलली होती.

बाईचं काम संपलं होतं. मोजमापं झाली, फोटो झाले. डिझेल मशीनला तेलपाणी करत होता.

"काका, उद्या सकाळी हे सगळं बुजवतो. वरून खडी, मग डांबर. तुमचा लोहार बसेल शेकत."

कुणी हसलं नाही. तोही हसता हसता थांबला.

दुपारी सगळे झाडाखाली गेले. मी ताडपत्रीखाली उभा राहिलो. ठोका आला.

मी हललो नाही. पुन्हा आला, जरा जोरात. मग तिसरा. तो तिसरा ठोका मला ओळखीचा होता. घणवाला कुचराई करू लागला की लोहार तसा देतो. मीही दिलेला आहे.

आणि मग माझ्या लक्षात आलं की तो थांबत नाहीये. ठोका, मधे घावापुरती जागा, पुन्हा ठोका. कुणीतरी कुठेतरी उत्तर देत असल्यासारखा.

माझ्या वयाला पळणं शोभत नाही. पळालो.

गल्लीत शिरताच ऐकू आलं. शेजारणी आमच्या दारापासून लांब भिंतीला चिकटून उभ्या होत्या. "दार उघडू की नको कळेना," एक म्हणाली. "आत कोण आहे हो तिच्याबरोबर?"

कडी काढली. थोरली उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही मुठी एकात एक घट्ट धरलेल्या. त्या वर जात आणि उंबऱ्याच्या दगडावर पडत. दगड रक्ताने लाल झाला होता. मी तिच्या हातांना लटकलो. माझ्यासकट ते वर गेले आणि खाली आले.

"थांब!"

"आडवा टाकला नाही त्याने," ती म्हणाली. डोळे दगडावरून हलत नव्हते. गालावरून पाणी ओघळत होतं. "बाबा, त्याने आडवा टाकल्याशिवाय मी कशी थांबू?"

तिने एकदा उत्तर दिलं होतं. घाव तिच्या अंगावर होते. उद्या ती जागा डांबराखाली जाणार आणि हातोडा खालीच वाजत राहणार. थोरली कुठेही असली तरी ऐकणार. तिची बोटं राहणार नाहीत, मग मनगटं राहणार नाहीत.

एवढं मला कळलं. तो कोण, कशासाठी, हे मी विचारलं नाही.

खाटेखालून घण काढला. दांडा तिच्या हातांनी गुळगुळीत झालेला होता. बापाच्या मागे मी लोहार झालो, त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या हातोड्याखाली घण धरलेला नाही. मोठमोठ्या कारखान्यांतून बोलावणी आली होती, तरी गेलो नाही. घण खांद्यावर टाकला, थोरलीच्या कमरेत हात घातला आणि निघालो. चालताना दर पावलाला तिचे हात उडत होते.

७

ताडपत्रीच्या कडेशी बाई उभी होती. आत जात नव्हती. तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

"काका, आत जाऊ नका. आत उजेड आहे."

होता. भट्टीच्या कठड्यामागून लालसर उजेड ताडपत्रीला खालून लागला होता. बाहेर लख्ख ऊन आणि आत हा.

थोरली माझ्या हातातून सुटली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. डावं पाऊल बाहेर. मी तिच्या डाव्या अंगाला गेलो. चालू कामात घण बदलायचा तर तसंच शिरायचं असतं.

खड्ड्याच्या वर, कमरेच्या उंचीला, लोखंड होतं. कशावर ठेवलेलं नव्हतं, पण पक्कं बसलेलं. लाल. वाकवलेली पट्टी, दोन्ही टोकं अजून लांब. कडं होतं. ते हवेत उचललं गेलं आणि थोरलीपाशी आलं, आणि तिने उजवा हात पुढे केला. मनगटाच्या भोवती ते धरलं गेलं, न चिकटवता. तिच्या हातावरचे केस जळाल्याचा वास आला. मापाला बरोबर होतं. फक्त टोकं मिळायची राहिली होती.

मी तिला खांद्याने मागे ढकललं आणि तिच्या जागी उभा राहिलो. उजवा हात पुढे केला.

काही झालं नाही. भट्टीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, भाता ओढल्यासारखा. कडं माझ्या मनगटापाशी आलं. बसेना. माझं मनगट रुंद आहे. ते मागे गेलं आणि निखाऱ्यात शिरलं. परत आलं तेव्हा दोन ठोके पडले, आणि कडं थोडं उघडलं.

माझ्या मापाचं.

"बाबा, नको," मागून थोरली म्हणाली. तिचा आवाज तिचाच होता. हात खाली पडले होते.

"बाहेर जा. बाईंपाशी उभी राहा."

"बाबा..."

"सांगितलं ते कर."

मग ठोका आला आणि मी घण घातला.

त्याचा हात चांगला होता. हे खरं ते सांगतो. एक ठोका वाया नव्हता. जिथे दाखवी तिथेच लोखंडाला गरज असे. ठिणग्या चहूकडे उडत. माझ्या बाजूला त्या माझ्या पोटऱ्यांवर आपटत. समोरच्या बाजूला त्या हवेत मधेच कशावर तरी आपटून खाली पडत, आणि पडता पडता क्षणभर त्या जागेची कड दाखवत. गुडघा दिसला. गुडघ्याच्या वर कातड्याची कड. सांडशी धरलेला हात दिसला. त्या हाताच्या मनगटातही कडं होतं. जुनं, झिजलेलं, मांसात बुडालेलं.

मी वर पाहिलं नाही. घणवाल्याने लोखंडाकडे बघायचं.

खांदे भरून आले. श्वास लागला. बाहेरून डिझेलचा आवाज आला, "अरे म्हाताऱ्याला कुणीतरी बाहेर ओढा," आणि बाईचा, "हात लावू नका कुणी." टोकं जवळ आली. बोटभर जागा उरली. मग कडं पुन्हा माझ्यापुढे आलं.

मी उजवा हात त्यात घातला आणि ते जिथे ठेवलं गेलं तिथे हात टेकवला. खाली ऐरण होती. दिसत नव्हती, पण हाताला थंड लागली.

ठोका पडला, माझ्या मनगटाच्या अगदी वर. घाव कुठे हवा ते दाखवलं.

घण डाव्या हातात घेतला आणि मारला. टोकं मिळाली, कडं माझ्या मनगटावर बंद झालं.

पाण्याचा चर्र आवाज झाला. मग हातोडा ऐरणीवर आडवा पडलेला मी ऐकला. थोरलीचे घाव फिटले.